बोधिधर्म पूर्वेला का गेला?

बुद्धाचा सिनेमा म्हटले की आपल्याकडे राजवाडा, मुकुट आणि गृहत्याग एवढेच डोळ्यांपुढे येते. १९८९ सालच्या एका कोरियन चित्रपटात यातले काहीच नाही. त्याचे नावच एक प्रश्न आहे : ‘बोधिधर्म पूर्वेला का गेला?’ बोधिधर्म म्हणजे भारतातून चीनला गेलेला, झेन परंपरेचा आद्य आचार्य मानला जाणारा भिक्खू. चित्रपटात मात्र तो दिसतच नाही.

दिग्दर्शक बे योंग-ग्युन हे चित्रकलेचे प्राध्यापक. लेखन, छायाचित्रण, संकलन सगळे त्यांनीच केले. स्वतःचा कॅमेरा घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात याचे कौतुक जरा जास्तच वाटते. त्याच वर्षी लोकार्नो महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार या चित्रपटाला मिळाला.

डोंगरातल्या विहारात वृद्ध गुरू, तरुण भिक्खू किबोंग आणि एक अनाथ मुलगा. गोष्ट एवढीच, आणि चित्रपट सव्वादोन तासांचा! पहिला अर्धा तास धीर धरावा लागतो. किबोंग अंध आईला सोडून आला आहे; ती बोच त्याची पाठ सोडत नाही.

वस्तीतल्या तरुणांसोबत आम्ही तो पाहिला, तेव्हा वाद पेटला तो या आईवरूनच. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी हेच विचारले आहे : भिक्खू स्वतःच्या पूर्णत्वासाठी की समाजाच्या सेवेसाठी? नुसता पूर्ण पुरुष धम्मप्रसाराच्या कामाचा नाही, असे ते स्पष्ट म्हणतात. चित्रपट असा निवाडा देत नाही. काहींना ते खटकले. एक मुलगी मात्र शेवटपर्यंत एकच विचारत राहिली, “पण आईला कोण बघतंय?”