आजोळची रशियन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

न्यू यॉर्कच्या ब्रायटन बीचवर, इस्रायलमधल्या हैफात किंवा जर्मनीतल्या एखाद्या गावात वाढलेली कितीतरी माणसं मोठेपणी रशियनचा श्रीगणेशा करतात. त्यांना मॉस्कोत नोकरी नको असते, आणि तोल्स्तोय मुळातून वाचायचा असतो असंही नाही. आजी हयात असेल तर तिच्याशी चार वाक्यं धड बोलायची असतात. नसेल तर तिनं मागे ठेवलेली पत्रं, फोटो, दाखले वाचायचे असतात. सोव्हिएत काळात शिकायला तिकडे गेलेली आणि तिथेच लग्न जमवून परतलेली मंडळी महाराष्ट्रातही आहेत. त्यांच्या मुला-नातवंडांना तर ही शब्दशः आजोळची भाषा. हौस दांडगी असते, पण पहिल्याच पायरीवर काही पक्क्या समजुती आडव्या येतात. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १ : पूर्वज रशियातून आले, म्हणजे घरात रशियनच बोलत असणार.

वस्तुस्थिती : क्लासची फी भरण्याआधी हे तपासून घ्यावं. रशियन साम्राज्याची संपूर्ण जनगणना एकदाच झाली, १८९७ साली. तीत साडेबारा कोटी लोकांची मातृभाषा नोंदली गेली. आज आपण जिला रशियन म्हणतो ती त्यांतल्या निम्म्यांचीही नव्हती, साधारण ४४ टक्क्यांचीच होती. साम्राज्यातल्या ५० लाखांवर ज्यूंपैकी बहुतेक सगळ्यांनी मातृभाषा म्हणून यिडिश सांगितली. त्यामुळे पहिल्या महायुद्धाआधी अमेरिकेत उतरलेल्या ज्यू कुटुंबांचा मुलूख रशियाच्या झारचा असला, तरी चुलीपुढची भाषा यिडिश होती. महाराणी कॅथरीनच्या १७६३ च्या जाहीरनाम्यानंतर व्होल्गाकाठी वसलेले जर्मन पिढ्यान्‌पिढ्या जर्मनच बोलत राहिले. १८९९ मध्ये कॅनडात गेलेले दुखोबोर पंथाचे लोक मात्र रशियनभाषक.

सोव्हिएत काळात चित्र पालटलं. ओदेसा, ताश्कंद, बाकू अशा रशियाबाहेरच्या शहरांतही असंख्य घरांनी रशियन आपलीशी केली. १९८९ नंतर इस्रायलला गेलेल्या सुमारे १० लाख माणसांत युक्रेन आणि मध्य आशियातून आलेले पुष्कळ होते, आणि त्यांची घरची भाषा बहुधा रशियनच होती. म्हणून 'कुठून आले' याच्या जोडीला 'कधी निघाले' हेही विचारायला हवं. घरात यिडिश असली तरी रशियन वाया जात नाही. सरकारदरबारच्या नोंदी रशियनमध्ये असत. पोलंडचा जो भाग झारच्या अमलाखाली होता, तिथली जन्म-विवाह-मृत्यूची दप्तरंही १८६८ पासून महायुद्धापर्यंत रशियनमध्येच लिहिली गेली.

गैरसमज २ : लिपीच इतकी अवघड की तिथेच सगळे गळतात.

वस्तुस्थिती : सिरिलिक लिपीत अक्षरं ३३. बाराखडी घोटलेल्या माणसाला ती जड जाऊ नयेत. नेटानं बसलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत पाट्या वाचता येतात. फसवतात ती ओळखीची वाटणारी अक्षरं. इंग्रजी 'बी'सारखं दिसणारं अक्षर 'व' असतं, 'एच'सारखं 'न', 'पी'सारखं 'र' आणि 'सी'सारखं 'स'. नवखा माणूस 'रेस्तरान' ही पाटी 'पेक्टोपा' अशी वाचतो, ती याच पायी.

खरी मेख आघातात आहे. शब्दातल्या कोणत्या स्वरावर जोर द्यायचा हे एरवी छापलेलं नसतं, ते फक्त शिकणाऱ्यांच्या पुस्तकांत दाखवतात. जोर नसलेला 'ओ' 'अ'कडे झुकतो, म्हणून दुधाला लिहायचं 'मोलोको' आणि म्हणायचं 'मलाको'. यासाठी पहिल्या दिवसापासून कान तयार करावा लागतो, आणि घरात रशियन ऐकलेली माणसं नेमकी इथे पुढे असतात.

गैरसमज ३ : छापील मजकूर वाचता आला की आजीची पत्रंही वाचता येतील.

वस्तुस्थिती : नाही येणार. हाताच्या वळणात रशियन अक्षरं रूप बदलतात. 'त' इंग्रजी 'एम'सारखा दिसतो, 'द' 'जी'सारखा, 'प' 'एन'सारखा आणि 'इ' 'यू'सारखा. काही शब्द तर नुसत्या आकड्यांची रांग वाटतात. बाळबोध वाचणाऱ्यापुढे मोडीचा कागद ठेवावा, तशी गत होते. रशियन मुलं शाळेत हे वळण वह्यांतून गिरवतात. पत्रं वाचायची असतील तर आपल्यालाही तेच करावं लागतं, कारण हात वळला की डोळ्यांना ओळख पटते.

कागद क्रांतीआधीचे असतील तर आणखी एक अडथळा. १९१८ च्या शुद्धलेखन सुधारणेनं काही अक्षरं लिपीतून काढून टाकली आणि व्यंजनान्त शब्दाच्या शेवटी येणारं एक मूक चिन्हही हटवलं. जुना शब्द आजच्या कोशात सापडत नाही, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

गैरसमज ४ : विभक्त्या परीक्षेपुरत्या. घरच्या बोलण्याला कशाला हव्यात?

वस्तुस्थिती : जुन्या कौटुंबिक फोटोच्या पाठीवर नेहमी आढळतो तशा धर्तीचा मजकूर घेऊ : 'ना दोल्गुयु पाम्यात, सेस्त्रे आन्ये ओत ब्राता पेती'. म्हणजे, चिरकाल आठवणीसाठी, बहीण आन्याला भाऊ पेत्याकडून. विभक्ती न येणारा नातू वंशावळीत 'आन्ये' आणि 'पेती' अशी दोन नवी माणसं घालून ठेवतो. मूळ नावं आन्या आणि पेत्या. बहिणीचं मूळ रूप 'सेस्त्रा', भावाचं 'ब्रात'. 'ला' आणि 'कडून' या अर्थांसाठी शब्दांची शेपटं तेवढी बदलली. आडनावांचंही तसंच. इवानोवा या बाईला पाठवलेल्या पाकिटावर 'इवानोवोय' असतं, तर पेत्रोव्ह या पुरुषाकडून आलेल्या वस्तूवर 'पेत्रोवा'. हे ठाऊक नसेल तर आजोबांची आजी व्हायला वेळ लागत नाही.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. 'भाऊ'चं 'भावाकडून' होतं, आणि कोशात 'भावा' शोधणारा परदेशी विद्यार्थी असाच अडखळतो. रशियनमध्ये विभक्त्या ६ आहेत. सगळ्या एकदम पाठ करण्याऐवजी घरातल्या माणसांची नावं घेऊन एकेक चालवून पाहावी.

गैरसमज ५ : पत्रांत चार नावं आली, म्हणजे माणसं चार.

वस्तुस्थिती : साशा, शुरा, सान्या ही तिन्ही अलेक्सांद्रची घरगुती नावं. साशा आणि शुरा तर अलेक्सांद्रा या बाईलाही म्हणतात. मारियाची माशा होते, मारुस्या होते, मान्याही होते. दाखल्यावर मात्र पूर्ण नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं नाव आणि आडनाव अशी तीन पदं असतात. वडील इवान, तर मुलगा इवानोविच आणि मुलगी इवानोव्ना. मधलं नाव वडिलांचं, ही आपल्याकडचीच चाल. आदरानं हाक मारताना रशियन माणूस आडनाव वगळून पहिली दोन पदं घेतो. मधल्या नावामुळे वंशवृक्षाची आणखी एक पिढी आयती हाती लागते.

आडनावाबद्दल अमेरिकेत घरोघर एक कथा सांगतात : एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याला आजोबांचं नाव उच्चारता येईना, म्हणून त्यानं ते बदलून टाकलं. १८९२ ते १९५४ या काळात चाललेल्या त्या स्थलांतरितांच्या तपासणी ठाण्यावर अधिकारी नावं बनवत नसत. युरोपातल्या बंदरात जहाज कंपनीनं तयार केलेली यादी समोर ठेवून ते माणसं पडताळत. नावं बदलली ती बहुधा पुढे, शाळेत, कामावर किंवा नागरिकत्व घेताना, आणि अनेकदा आजोबांनी स्वतःच.

तारखांचंही भान ठेवावं. रशियात १९१८ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग चाले. त्या वर्षी ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडला. एकोणिसाव्या शतकातल्या तारखेत १२ दिवस मिळवावे लागतात, विसाव्या शतकातल्या तारखेत १३. दप्तरात २५ डिसेंबर १८९९ ला जन्मलेली पणजी आजच्या हिशेबानं ६ जानेवारी १९०० ची ठरते.

गैरसमज ६ : भाषा रक्तातच आहे, आपोआप येईल.

वस्तुस्थिती : रक्तातून भाषा येत नाही, कानातून येते. लहानपणी घरात रशियन ऐकलेला आणि फक्त आडनावापुरता रशियन असलेला, हे दोन वेगळे विद्यार्थी आहेत. पहिल्याला जेवणाखाणाचे, रागावण्या-लाडाचे शब्द सहज कळतात, उच्चारही चांगला असतो. पण त्याला वाचता येत नाही, विभक्त्या निसटतात, आणि घरातल्या सवयीनं तो परक्या वडीलधाऱ्यालाही 'तू' म्हणतो. रशियनमध्ये 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. तिथे चूक झाली तर समोरच्याला ती आपल्याइतकीच खटकते. अमेरिकी विद्यापीठांत अशांसाठी वेगळे वर्ग चालतात, आणि २००२ मध्ये त्यांच्यासाठी 'रशियनांसाठी रशियन' अशा अर्थाच्या नावाचं पाठ्यपुस्तकही निघालं. दुसरा विद्यार्थी मात्र इतर कोणत्याही नवशिक्यासारखाच. त्यानं सरळ पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही.

गैरसमज ७ : रशियन संस्कृतातून निघाली, तेव्हा आपल्याला सोपीच.

वस्तुस्थिती : भ्राता आणि ब्रात, अग्नी आणि अगोन, त्रि आणि त्री ही साम्यं खरी आहेत. पण त्यांतली एक भाषा दुसरीची आई नाही. दोघी एकाच प्राचीन इंडो-युरोपीय कुळातल्या चुलत बहिणी आहेत. मराठीचा उपयोग होतो तो वेगळ्याच ठिकाणी. रशियनमध्येही लिंगं तीन आहेत. भूतकाळी क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं, आपल्या 'गेला-गेली-गेलं'सारखं. 'माझ्याकडे आहे' अशीच तिथली वाक्यरचना, आणि 'त', 'द' आपल्यासारखेच दंत्य. इंग्रजी भाषकाला हे सगळं नव्यानं शिकावं लागतं. क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण अशा जोड्या मात्र आपल्यालाही घाम फोडतात.

गैरसमज ८ : अस्खलित आली तरच शिकण्यात अर्थ आहे.

वस्तुस्थिती : आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था इंग्रजी भाषकाला रशियनमध्ये कामकाज करता यावं म्हणून सुमारे ११०० तासिका धरते. हिंदीही त्याच गटात आहे. पण आजीची चौकशी करायला राजदूत व्हावं लागत नाही. रशियनच्या अधिकृत परीक्षेची सर्वांत खालची पायरी सुमारे ७८० शब्दांची आहे, आणि घरगुती गप्पांची सुरुवात तेवढ्यात नक्की होते. दप्तरं वाचायची असतील तर त्याहूनही कमी पुरतात, कारण जन्म, बाप्तिस्मा, विवाह, गाव, वर्ग, साक्षीदार हेच शब्द ओळीओळीला येतात. पुणे आणि मुंबई या दोन्ही विद्यापीठांत रशियन शिकवली जाते, त्यामुळे इथल्या नवशिक्याला दूर जायचं कारण नाही.

तेव्हा आधी हेतू ठरवा. बोलायचं असेल तर कानापासून सुरुवात करा, कागद वाचायचे असतील तर हस्ताक्षरापासून. आणि घरात रशियन बोलणारं म्हातारं माणूस असेल, तर या रविवारीच फोटोंचा डबा त्यांच्यापुढे उघडा, प्रत्येक चेहऱ्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव आणि गाव लिहून घ्या, जमलं तर आवाजही नोंदवून ठेवा. विभक्त्या पुढच्या वर्षीही शिकता येतील, पण सांगणारं माणूस तोवर असेल याचा भरवसा धरू नका.