चाळिशीनंतरचं सोळाशे

शिरूर-दौंड पट्ट्यात मैल कुणी पळत नाही, सोळाशे पळतात. पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर धावावं लागतं. ५ मिनिटं १० सेकंदांत संपवलं की २० पैकी २० गुण. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे ५ आणि ७ क्रमांकाचे गट, जवळच नानवीजचं प्रशिक्षण केंद्र. त्यामुळे कुणाचं टायमिंग किती, हा इथे चहाच्या टपरीवरचाही विषय असतो. मैल १६०९.३४ मीटरचा. म्हणजे जगभर नावाजलेल्या त्या शर्यतीचा सराव आपल्याकडे पहाटे-पहाटे चालूच असतो, फक्त नऊ मीटर कमी.

त्याच मैदानांवर पंचेचाळिशीचे काका आणि चाळिशीच्या ताईही उतरतात. कुणी रांजणगाव एमआयडीसीतली शिफ्ट संपवून येतं, कुणी शाळा भरायच्या आधी. शेजारी भरतीची मुलं जे करतात तेच ही मंडळी करू लागतात, आणि बहुतेक घोटाळे तिथेच सुरू होतात.

पहिलं ऐकू येतं ते म्हणजे, ‘या वयात आता काय वेग येणार?’ आयर्लंडचा एमन कॉगलन १९९४ साली, ४१ व्या वर्षी, बंदिस्त ट्रॅकवर ३ मिनिटं ५८.१५ सेकंदांत मैल पळाला. चाळिशीनंतर चार मिनिटांच्या आत मैल संपवणारा तो पहिला. तो जन्माचा धावपटू, त्याची बरोबरी आपण कशाला करायची, हे खरंच. पण आपली बाजू एका अर्थाने त्याच्याहून सोपी आहे. तो स्वतःच्या उमेदीतल्या वेळेशी झुंजत होता. जो आयुष्यात कधी नीट पळालाच नाही, अशा माणसाला तसली वेळ मोडायचीच नसते. ऑक्सिजन वापरण्याची शरीराची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी उतरते, पण हा आकडा बैठ्या माणसाचा. सातत्याने व्यायाम करणाऱ्यात घसरण बरीच कमी, जवळपास निम्मी दिसते. ज्याने ती क्षमता कधी पुरती वापरलीच नाही, त्याचं टायमिंग पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करूनही काही वर्षं सुधारत राहू शकतं. आठ मिनिटांवरून सातवर येणं मला अजिबात अवास्तव वाटत नाही. सातवरून सहावर यायचं म्हटलं तर मात्र चिकाटीबरोबर थोडी उपजत देणगीही लागते.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज पुढचा आहे: ‘रोज एक सोळाशे जीव तोडून मारा, टायमिंग आपोआप खाली येतं.’

सुरुवातीचे काही आठवडे ते येतंही, म्हणूनच ही समजूत टिकून आहे. मग गाडी अडते. पाच-सात मिनिटांच्या शर्यतीत तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनच्या आधारे तयार होते. ती यंत्रणा, म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यात फेकलं जाणारं रक्त, स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि पेशींतली ऊर्जाकेंद्रं, मुख्यतः पुष्कळशा निवांत धावण्याने वाढते. आणि रोज टायमिंग लावलं तर ज्या वेगाने पळायचंय तो वेग पायांना मिळतच नाही. समजा, आज साडेसात मिनिटं लागतात आणि सात मिनिटांत यायचंय. सात मिनिटं म्हणजे ४०० मीटरची फेरी १०५ सेकंदांत. पूर्ण सोळाशे मारलं तर प्रत्येक फेरी ११२-११३ ची होणार. हव्या त्या वेगाने एक फेरीही धड होत नाही. त्याऐवजी १०५ सेकंदांची एक फेरी, मग दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा करा. हव्या त्या वेगाने २४०० मीटर होतात आणि दुसऱ्या दिवशी जिनाही चढता येतो.

असा कष्टाचा दिवस आठवड्यातून एकच. निवांत धावण्याच्या दिवसांपैकी दोन दिवशी शेवटी ८०-१०० मीटरच्या पाच-सहा मोकळ्या धावा घ्याव्यात, जोरात पण दात-ओठ न खाता, मध्ये पूर्ण दम घेऊन. वयाबरोबर वेगवान स्नायुतंतू घटतात आणि ढांग आखूड होते. या छोट्या धावा त्याला थोपवतात. बाकीचं सगळं धावणं शेजारच्याशी सलग वाक्यात बोलता येईल इतक्या संथ गतीचं. ऐकायला सोपं आहे, पण मैदानात हेच सगळ्यात अवघड जातं. विशीतली पोरं बाजूने सुसाट जात असताना हळू पळायची लाज वाटते. त्या पोरांची भरतीची तारीख डोक्यावर असते आणि त्यांचं अंग एका रात्रीत सावरतं. पंचेचाळिशीत जोराच्या सरावानंतर सावरायला दोन-तीन दिवस हवेतच.

टायमिंग मोजण्यातही गंमत असते. गावच्या मैदानावर चुन्याने आखलेली फेरी खरोखर ४०० मीटरची आहे का, ते एकदा टेप लावून बघावं. प्रमाणित ट्रॅकवरही पहिल्या लेनऐवजी दुसऱ्या लेनमधून पळालात तर दर फेरीला सात मीटर जास्त पडतात, चार फेऱ्यांत अठ्ठावीस. सात मिनिटांच्या वेगाला हे सात सेकंद झाले! कित्येकांची दोन महिन्यांची प्रगती एवढीच असते.

‘पळून गुडघे झिजतात’ हे तर घरोघरी ऐकू येतं. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण हौसेने पळणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठ्या लोकांत १०.२ आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आढळलं. ज्यांचे गुडघे दुखतात ते पळणं सोडतात, त्यामुळे हे आकडे थोडे पळणाऱ्यांच्या बाजूने झुकलेले असू शकतात. तरी हौशी पळणं म्हणजे गुडघ्यांचा सत्यानाश, हे काही त्यातून निघत नाही. मध्यमवयात वेग वाढवताना बऱ्याचदा कुरकुर सुरू होते ती पोटरीची आणि टाचेमागच्या जाड शिरेची. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच सावकाश वर-खाली करणं, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर, हा त्यावरचा बिनखर्चाचा व्यायाम. वजनं उचलून अंग जड होईल ही भीतीही सोडा; या वयात स्नायू आपणहून घटत असतात.

दुसऱ्या दिवशीच्या पायदुखीला ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय’ म्हणतात. ते तासाभरात निघून जातं. दुखतात ते ताणलेले, सूक्ष्म इजा झालेले स्नायू. पळण्याआधी ग्लुकोजची पुडी लागते हेही खरं नाही. दौंडच्या गुऱ्हाळांचा गूळ जरूर खावा, पण सात मिनिटांना शरीरातला साठा पुरून उरतो. आणि ‘२२० वजा वय’ ही नाडीची कमाल नव्हे, ढोबळ सरासरी आहे. एखाद्याची दहा-पंधरा ठोके वर-खाली सहज असते. घड्याळ लाल झालं म्हणून घाबरू नका, हिरवं आहे म्हणून निर्धास्तही राहू नका.

कारण एका बाबतीत मात्र चालढकल नको. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा पाच-दहा वर्षं लवकर येतो. वर्षानुवर्षं बैठं काम केलेल्याने एकदम जीव तोडून पळणं धोक्याचं. नियमित व्यायामाने तोच धोका घटतो. रक्तदाब, साखर, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर, मग घड्याळ. छातीत दडपण, डाव्या हातात कळ किंवा चक्कर आली तर फेरी तिथेच सोडायची.

आता प्रत्यक्ष टायमिंगचा दिवस. ‘सुरुवातीलाच लीड घ्या’ हा सल्ला भरतीच्या गर्दीत एक वेळ चालेल; एकट्याने घड्याळाशी पळताना तो अंगाशी येतो. पहिली फेरी दोन-तीन सेकंद जरी जास्त जोरात गेली, तरी त्याची वसुली तिसऱ्या फेरीत होते. सुरुवातीचा जोश तेव्हा संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये चार मिनिटांचा अडसर मोडणाऱ्या रॉजर बॅनिस्टरच्याही चार फेऱ्यांत सगळ्यात संथ होती ती तिसरीच, ६२.३ सेकंदांची. तेव्हा सात मिनिटांचं ध्येय असेल तर पहिली फेरी १०५-१०६ ला सोडा आणि खरा जोर लावायला सुरुवात करा ती दुसरी संपताना.