गोष्टींचं ग्रंथालय मोबाइलवर

गावात ग्रंथालय नाही म्हणून मुलांचं वाचन थांबायला नको. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं ऑनलाइन ग्रंथालय २०१५पासून सुरू आहे. तिथे मराठी चित्रगोष्टी फुकट वाचायला मिळतात. गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. पहिली नुकतं वाचू लागलेल्यांची, चौथी सराईत वाचणाऱ्यांची. इयत्ता बघू नका. मुलाला जमेल तिथून सुरुवात करा. रेंज असेल तेव्हा गोष्ट उतरवून ठेवा, रात्री नेटशिवाय वाचता येईल.

‘मला कुठे वाचता येतं?’ म्हणून मागे राहू नका. मुलाजवळ बसा, चित्र बघा, विचारा, ‘आता पुढे काय होईल गं?’ आम्ही सांगतो, हेही शिकवणंच आहे.