धूर, अग्नी आणि एक जुना बर्नर

मागच्या वेळी आपण अनुमानाचे पाच अवयव पाहिले. व्याख्यान संपल्यावर काही जणांनी विचारलं, "सर, डोंगरावर धूर आणि म्हणून तिथे अग्नी, हे उदाहरण किती शतकं उगाळायचं? आजच्या आयुष्यात त्याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. मीही पस्तीस वर्षं वर्गात तेच उदाहरण फळ्यावर लिहिलं आणि त्यातला धूर कधी माझ्या डोळ्यांत गेला नाही. दोन वर्षांपूर्वी तो खरोखरच गेला. म्हणून आजचं व्याख्यान एका जुन्या तेलाच्या बर्नरविषयी आहे.

माझा मुलगा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. तिथल्या जुन्या घरांच्या तळघरात बॉयलर असतो आणि पुष्कळ ठिकाणी तो तेलावर चालतो. हे तेल डिझेलच्या जवळचं असतं. हिवाळ्यात आम्ही दोघं तिथे जातो. पत्नीचे गुडघे थंडीत फार धरतात. गरम पाण्यात बसलं की तिला बरं वाटतं, म्हणून मुलाने अंगणात लाकडाचा मोठा हॉट टब बसवला. त्यात बाराशे लिटर पाणी मावतं. ते तापवायला त्याने कुणाच्या तरी गॅरेजमधून बर्नरसकट एक छोटा जुना बॉयलर स्वस्तात आणला आणि अंगणातल्या शेडमध्ये ठेवला. "बाबा, दुरुस्त करून वापरू," म्हणाला.

आमच्या लहानपणी घरोघरी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. बॉयलर म्हणजे तत्त्वतः तोच बंब. त्यामुळे मलाही उत्साह आला. पण बंबात आपण काटक्या हाताने टाकतो आणि समोर बसून असतो. विझला तर कळतं, धुमसला तर कळतं. बर्नरसमोर कुणी बसलेलं नसतं. सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

बर्नर काम कसं करतो

थोडक्यात सांगतो. एक मोटर असते. ती एकाच दांड्यावर पंखाही फिरवते आणि तेलाचा पंपही. जुन्या बर्नरमध्ये पंप तेलाला साधारण 100 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सात किलो इतका दाब देतो. ते तेल नॉझलच्या बारीक भोकातून धुक्यासारखं बाहेर पडतं. शेजारी दोन इलेक्ट्रोड असतात. त्यांच्या टोकांत सुमारे तीन मिलिमीटर अंतर असतं आणि तिथे दहा हजार व्होल्टची ठिणगी उडते. पंख्याची हवा, तेलाचं धुकं आणि ठिणगी एकत्र आली की ज्योत पेटते.

नॉझलवर दोन आकडे कोरलेले असतात. एक, 100 पीएसआयला तासाला किती गॅलन तेल जाईल. दुसरा, फवाऱ्याचा कोन किती अंशाचा. आमच्या कामाला तासाला 0.65 गॅलन, म्हणजे जवळजवळ अडीच लिटर पुरेसं होतं. हिशेब सोपा आहे. बाराशे लिटर पाणी 14 अंशांवरून 39 अंशांवर न्यायचं म्हणजे तीस हजार किलोकॅलरी, सुमारे 35 युनिट ऊर्जा. एक लिटर तेल साधारण दहा युनिट उष्णता देतं. त्यातला पाचवा भाग धुराड्यातून आणि नळांतून वाया जातो असं धरलं, तर तासाला वीस युनिट पाण्यात जातात. म्हणजे पावणेदोन तासांत टब तयार.

आता या यंत्रातला माझा आवडता भाग. बर्नरच्या नळीत एक छोटा डोळा बसवलेला असतो. तो कॅडमियम सल्फाइडचा असतो. अंधारात त्याचा विद्युतरोध प्रचंड असतो, उजेड पडला की तो एकदम उतरतो. चांगली ज्योत असेल तर हजार ओहमच्या आसपास किंवा त्याहून खाली. कंट्रोल मोटरला "चल" म्हणतो, पण तेवढ्यावर त्याचा विश्वास बसत नाही. डोळ्याने ज्योत पाहिल्याची साक्ष दिली तरच काम पुढे चालू राहतं. ठराविक सेकंदांत, आमच्या जुन्या कंट्रोलमध्ये 45, साक्ष मिळाली नाही तर सगळं बंद होतं आणि लाल बटण वर येतं. आणखी एक गंमत बघा. पेटवण्याआधीच डोळ्याला उजेड दिसत असेल तर हे यंत्र सुरूच होत नाही. ज्योत असू शकत नाही अशा वेळी ज्योत दिसते, म्हणजे हा भ्रम आहे, असा त्याचा निष्कर्ष. आपल्या विद्यार्थ्यांना हे समजवायला मला एक सत्र लागायचं.

आमची पहिली चूक

पहिल्या दिवशी बर्नर पेटला नाही. मोटर फिरली, 45 सेकंदांनी बंद पडली. मुलाने लाल बटण दाबलं. पुन्हा तेच. मी म्हटलं, "अजून एकदा बघ." असं तीनदा झालं. चौथ्यांदा धडाम असा आवाज झाला, बॉयलरचं दार उघडलं आणि शेड काळी झाली. आम्ही दोघं बाजूला उभे होतो म्हणून वाचलो.

काय झालं होतं? दर खेपेला 45 सेकंद तेल आत फवारलं जात होतं. तेव्हा बसवलेल्या नॉझलच्या, म्हणजे तासाला सुमारे पावणेचार लिटर या हिशेबाने एका खेपेला सुमारे सत्तेचाळीस मिलिलिटर. तीन खेपांचं तेल तळाशी साचलं आणि चौथ्या ठिणगीला एकदम पेटलं. लाल बटणाचा अर्थ "पुन्हा प्रयत्न करा" असा आम्ही घेतला. त्याचा खरा अर्थ होता, "ज्योत का नाही याचं कारण शोधा." बटण एकदा दाबावं. पुन्हा बंद पडलं तर हात मागे घ्यावा.

त्या राज्यात तेलाच्या बर्नरवर काम करायला सरकारी प्रमाणपत्र लागतं. आम्ही मुळात हात लावायलाच नको होता. मग प्रमाणपत्र असलेले एक वयस्क तंत्रज्ञ आले. मी त्यांचा मदतनीस झालो. त्यांनी आधी साचलेलं तेल पुसून घेतलं, नंतर इलेक्ट्रोडचं चिनीमातीचं आवरण तडकलेलं दाखवलं. ठिणगी टोकाला न उडता त्या तड्यातून भलतीकडे जात होती. आवरण बदललं, बर्नर पेटला.

साक्षीदार की घटना?

पण 45 सेकंदांनी पुन्हा बंद. या वेळी ज्योत आम्हाला झरोक्यातून दिसत होती. म्हणजे ज्योत आहे, पण डोळा "नाही" म्हणतो. डोळा काढून पाहिला, काजळीने काळा. मऊ फडक्याने पुसला. बर्नर सुरू झाला आणि छान चालला. पत्नी दोन संध्याकाळी टबात बसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. डोळा पुन्हा काळा.

मुलगा म्हणाला, "बाबा, हा सेन्सरच नाजूक आहे. पेटल्यावर त्याच्या दोन तारा जोडून टाकू, म्हणजे कटकट नको." मी त्या तंत्रज्ञांना फोन करून विचारलं. ते म्हणाले की तपासणीपुरतं, समोर उभं राहून ते स्वतः तसं करतात. पण तारा तशाच ठेवल्या आणि रात्री ज्योत विझली, तर पंप तेल ओततच राहील आणि थांबवणारं कुणी नसेल.

इथे मला तर्कसंग्रह आठवला. सतराव्या शतकातलं अन्नंभट्टाचं हे छोटं पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. धुरावरून अग्नीचं अनुमान बरोबर. पण उलट, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान चूक. का? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला अग्नीखेरीज आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे ओलं सरपण. शास्त्रात तिला उपाधी म्हणतात. म्हणजे धूर दिसला की दोन गोष्टी कळतात. अग्नी आहे, आणि सरपणात काही तरी दोष आहे.

डोळ्यावरची काजळी म्हणजे धूरच. आम्ही दोन दिवस साक्षीदाराचं तोंड पुसत बसलो होतो. तो सांगत होता ते आम्ही ऐकलंच नाही. प्रश्न डोळ्याचा नव्हता, "ओलं सरपण" कुठे आहे हा होता.

तेलाच्या बाबतीत ओलं सरपण तीन प्रकारचं असतं. थेंब मोठे असणं, हवा कमी पडणं, किंवा ज्योत थंड धातूला लागून अर्धवट विझणं. तंत्रज्ञ पुन्हा आले. पंपाला दाबमापक लावला, 100 भरला. म्हणजे थेंबांचा संशय कमी झाला. पंख्याच्या पात्यांत कुत्र्याचे केस आणि धूळ अडकली होती, ती काढली. मग नॉझल काढलं. आधीच्या मालकाने 1.00 गॅलनचं, 80 अंश कोनाचं नॉझल बसवलं होतं. छोट्या बॉयलरला इतकं तेल आणि इतका रुंद फवारा! ज्योत भिंतीवर आपटत होती. त्याजागी 0.65 चं, 60 अंशांचं नवं नॉझल बसवलं. नॉझलचं भोक तारेने कोरून साफ करायचं नसतं, ते बदलायचं असतं. आपल्या रॉकेलच्या स्टोव्हची पिन इथे चालत नाही.

धूर नाही, म्हणून सगळं ठीक?

ज्योत आता स्वच्छ दिसत होती. मी समाधानाने म्हटलं, "झालं." तंत्रज्ञ म्हणाले, "अजून काही मोजलेलं नाही." त्यांनी धुराड्याला छिद्र पाडून एका हातपंपाने दहा वेळा वायू ओढला. तो पांढऱ्या कागदातून जातो. कागदावर उठलेला डाग शून्य ते नऊ अशा पट्टीशी जुळवतात. आधी हवा कमी करत पुसटसा डाग येऊ दिला, मग हवा थोडी वाढवून तो घालवला. म्हणजे आपण काठापासून किती आत आहोत ते कळतं. नंतर धुराड्याची ओढ मोजली आणि शेवटी कार्बन मोनॉक्साइड.

हे शेवटचं मोजमाप सर्वांत महत्त्वाचं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धूर न दिसताही तो असू शकतो. धूर दिसला तर दोष आहे, हे खरं. म्हणून धूर नाही तर दोष नाही, असं होत नाही. ही पुन्हा तीच उलटी व्याप्ती. शेडमध्ये आणि शेडला लागून असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं उपकरण लावल्यावरच त्यांनी बर्नर आमच्या ताब्यात दिला.

आणखी एक गोष्ट त्यांनी सुधारली. मुलाने टबचं पाणी थेट बॉयलरमधून फिरवलं होतं. त्यात दोन तोटे. टबच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते धातू खातं. शिवाय पाणी थंड असलं की धुराड्यातली वाफ बॉयलरच्या आत द्रवते, तेलातल्या गंधकामुळे तिचं आम्ल होतं आणि बॉयलर आतून कुजतो. म्हणून आता बॉयलरचं गरम पाणी स्वतंत्र बंद नळांत फिरतं आणि मधल्या स्टेनलेस स्टीलच्या उष्णता-विनिमयकातून टबला ऊब देतं. बॉयलरवर दाब सोडणारा व्हॉल्व्ह आहे आणि त्याच्या वाटेत कोणतीही तोटी नाही. टब 40 अंशांच्या वर जात नाही.

श्रोत्यांचा एक प्रश्न

एका ताईंनी विचारलं, "सर, आमच्याकडे ना बर्नर, ना हॉट टब. यातून आम्ही काय घ्यायचं?"

ताई, तुमच्याकडे गॅस गीझर आहे का? बंद बाथरूममध्ये बसवलेल्या गॅस गीझरने आपल्याकडे माणसं गेली आहेत. तिथेही सुरुवातीला ज्योत निळी असते, धूर नसतो. दार बंद, खिडकी बंद, हवेतला प्राणवायू कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. डोकं दुखतं, चक्कर येते, पायांतलं बळ जातं आणि कडी काढायलाही जमत नाही. तेव्हा गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा. आज घरी गेल्यावर तो कुठे लावलाय ते बघा. "इतकी वर्षं काही झालं नाही" हे अनुमान नव्हे, ती नुसती सवय आहे.

माझी पत्नी हल्ली टबात बसली की मला विचारते, "डोळा पुसलात का?" मी सांगतो, पुसायची वेळच येत नाही. गेल्या हिवाळ्यात महिन्यातून एकदा काढून पाहिला, स्वच्छ होता. पाहतो मात्र नेमाने.

पुढच्या वेळी आपण हेत्वाभास घेऊ.