द्विपद संभाव्यतेची उदाहरणे : भाताच्या बियाण्याच्या निमित्ताने

उच्च माध्यमिक स्तरावर द्विपद वितरणाची उदाहरणे सोडविताना बहुसंख्य विद्यार्थी सूत्र अचूक लिहितात. चूक होते ती त्याआधी. प्रयोग कोणता, यश कशास म्हणावयाचे आणि प्रयोग परस्परांपासून स्वतंत्र आहेत काय, हे ठरविलेलेच नसते. नाणी व फासे यांपलीकडचे उदाहरण आले की ही उणीव उघड होते. म्हणून येथे पवन मावळातील भातशेतीचे उदाहरण घेतले आहे.

तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी तिकोणा पेठ हे गाव आहे. हा सारा तालुका भाताचा. १९८७ मध्ये प्रसारित झालेला ‘इंद्रायणी’ हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचाच. भाताच्या प्रमाणित बियाण्याची उगवणक्षमता किमान ८० टक्के असावी लागते. समजा, एखाद्या शेतकऱ्याने दहा दाणे ओल्या कापडात ठेवले आणि आठांपेक्षा कमी उगवल्यास पिशवी परत करावयाची असे ठरविले. नेमक्या ८० टक्के उगवणक्षमतेची पिशवीही परत जाण्याची संभाव्यता किती?

प्रत्येक दाणा हा एक प्रयोग, अंकुरणे हे यश. यशाची संभाव्यता ०.८, अपयशाची ०.२. नेमके आठ दाणे उगवण्याची संभाव्यता काढताना ‘०.८ चा आठवा घात गुणिले ०.२ चा वर्ग’ येथेच अनेक जण थांबतात. परंतु हा गुणाकार विशिष्ट आठ दाणे उगवण्याच्या एकाच मांडणीचा आहे. अशा मांडण्या ४५ होतात. हे पटविण्यास मराठीच्या तासाचे साहाय्य घ्यावे. त्र्यक्षरी गणांपैकी ‘न’ सर्वलघू, भ, ज, स यांत एक गुरू, य, र, त यांत दोन, ‘म’ सर्वगुरू. म्हणजे १, ३, ३, १. हेच द्विपद सहगुणक. पिंगलाच्या छंदःसूत्रांवरील टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात मेरुप्रस्ताराच्या रूपाने त्यांचे विवरण केले आहे. पास्कलचा त्रिकोण सतराव्या शतकातील.

आठ, नऊ व दहा दाणे उगवण्याच्या संभाव्यता अनुक्रमे ०.३०२०, ०.२६८४ व ०.१०७४ येतात, बेरीज ०.६७७८. म्हणजे पिशवी परत जाण्याची संभाव्यता ०.३२२२. प्रमाणात बसणारे बियाणे जवळजवळ तिनांतून एकदा नाकारले जाईल! उलट, उगवणक्षमता ६० टक्केच असेल, तरी ते या कसोटीस उतरण्याची संभाव्यता ०.१६७३ आहे. दहा दाण्यांवरून पिशवीचा निवाडा करणे किती धोक्याचे, हे विद्यार्थ्यास स्वतःच्याच आकडेमोडीतून दिसते. बीजपरीक्षण प्रयोगशाळेत एका नमुन्यासाठी ४०० दाणे घेतात, ते याच कारणाने.

आता अटींकडे वळावे. कापडाची एक बाजू वाळली, तर तेथील सारेच दाणे एकदम अडतील. प्रयोग स्वतंत्र राहत नाहीत. मोठ्या पिशवीतून दहा दाणे काढल्याने यशाची संभाव्यता नगण्यच बदलते. मात्र मुळात वीसच दाणे असून त्यांतील दहा काढले, तर प्रत्येक दाण्यागणिक ती बदलते आणि द्विपद सूत्र लागू पडत नाही. परीक्षेतील प्रश्नात ‘परत न ठेवता’ हे शब्द असतात ते यासाठीच. विद्यार्थी नेमके तेच वाचत नाहीत.