डब्याएवढा संगणक घ्यावा का?

मुलांनो, आज आपण एक हिशेब करणार आहोत. घाबरू नका, भागाकार फारसा नाही. पण हा हिशेब आईबाबांना शेजारी बसवून करायचा आहे. त्यांना हाक मारा, मी थांबते.

आले? बरं, मग ऐका.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचं नाव सांगत नाही, नाहीतर मधल्या सुट्टीत तुम्ही त्याला चिडवाल. एक दिवस तो वर्तमानपत्राचा कपटा घेऊन माझ्या टेबलापाशी आला. त्यावर जाहिरात होती : 'संपूर्ण मिनी संगणक, फक्त ९,५०० रुपये.' चित्रात तळहातावर मावेल असा काळा चौकोनी डबा.

"बाई, हा खरा असतो? आमच्या पोळ्यांच्या डब्यापेक्षा लहान आहे की!"

"खरा असतो," मी म्हटलं. "का रे, घ्यायचा आहे का?"

त्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "ताईला पाहिजे. ती नववीत आहे. आईची भिशी लागलीय, बारा हजार. पण आईला त्यात पिको-फॉलचं मशीन घ्यायचंय."

त्याची आई घरी शिलाईकाम करते. साड्या पिकोसाठी दुसरीकडे पाठवाव्या लागतात आणि तिथे तिचे पैसे कापले जातात. आलं ना लक्षात? संगणक चांगला की वाईट, एवढाच प्रश्न नव्हता. बारा हजार एकच होते आणि गरजा दोन.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. ताईने वही काढली. पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'फायदे', उजवीकडे 'तोटे'. आणि आम्ही चौघं सतरंजीवर बसलो.

हा डबा आला कुठून?

आधी थोडी गंमत सांगते. लहान आणि स्वस्त संगणकाचं वेड जगभर लावलं ते 'रास्पबेरी पाय' या छोट्या संगणकाने. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या काही मंडळींच्या लक्षात आलं, की संगणकशास्त्र शिकायला येणारी मुलं कमी होताहेत आणि येणाऱ्यांना स्वतः प्रोग्रॅम लिहिण्याची सवय राहिलेली नाही. एबेन अप्टन हे त्यांतले एक. १९८० नंतरच्या दशकात तिकडच्या मुलांच्या घरी साधे, स्वस्त संगणक असत. मुलं त्यांच्याशी खेळता खेळता शिकत. तसं काहीतरी पुन्हा हवं, असं त्यांना वाटलं.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांचा पहिला संगणक विक्रीला आला. आकार तुमच्या शाळेच्या ओळखपत्राएवढा! किंमत ३५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण सतराशे-अठराशे रुपये. पुढे २०१५ च्या नोव्हेंबरात त्यांनी ५ डॉलरचा 'पाय झिरो' काढला आणि तो चक्क एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाचकांना फुकट दिला. (आमच्या संपादकांकडे असं काही मागू नका हं!) त्याच वर्षी डिसेंबरात टिम पीक हे अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्यासाठी असे दोन संगणक तिथे पाठवले होते. शाळकरी मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम त्यांवर चालले. आहे की नाही नवल?

जाहिरातीतला डबा मात्र वेगळ्या जातीचा होता. रास्पबेरी पाय ही उघडी पाटी असते आणि त्यावर लिनक्स चालते. 'मिनी पीसी' म्हणतात तो बंद डबा असतो. आत नेहमीच्या संगणकासारखाच प्रोसेसर असतो आणि त्यावर विंडोज किंवा लिनक्स, दोन्ही चालू शकतं. जागा लहान, म्हणून आत कमी वीज खाणारा प्रोसेसर बसवतात. इंटेलचा २०२३ मध्ये आलेला 'एन १००' हा त्यांतला बराच प्रसिद्ध.

डावी बाजू : फायदे

ताईने पहिला फायदा लिहिला : जागा कमी. त्यांची खोली एकच. शिलाई मशीन, कपाट, पाण्याचा पिंप यांतून उरलेल्या फळीवर हा डबा सहज बसला असता.

दुसरा : वीज कमी. इथे मी त्या मुलाला हिशेब घातला. लहान डबा १५ वॅट आणि पडदा २० वॅट धरू. रोज दोन तास, महिन्याचे ३० दिवस. ३५ × २ × ३० म्हणजे २,१०० वॅट-तास. हजार वॅट-तासांचं एक युनिट, म्हणून सव्वादोनच्या आतच, २.१ युनिट. जुना मोठा संगणक पडद्यासकट १०० वॅट खात असेल, तर तेवढ्याच वापराला ६ युनिट. तुमच्या घरचं बिल काढा आणि फरकाचे पैसे किती होतात ते तुम्हीच सांगा.

तिसरा : टायपिंग आणि लेखन. मोबाइलवर चित्रफीत बघता येते, पण चार पानांचा निबंध लिहून बघा, अंगठे दुखतील. खरा कीबोर्ड आणि मोठा पडदा असला की काम करायला हुरूप येतो. मराठी टायपिंगही नीट शिकता येतं.

चौथा : शिकण्याची साधनं फुकट. लिहायला आणि हिशेबाला लिबरऑफिस, चित्रं हलवत प्रोग्रॅमिंग शिकायला स्क्रॅच, लहानांसाठी जीकॉम्प्री. यांना एक पैसा पडत नाही.

पाचवा फायदा त्याच्या आईने सांगितला. "मोबाइल पांघरुणात जातो. हा फळीवर राहील. पोरं काय बघतात ते मला मशीनवरून दिसेल." पालकहो, हा मुद्दा मला तर सगळ्यांत आवडला.

उजवी बाजू : तोटे

आता माझी फजिती ऐका. तीन वर्षांपूर्वी मीही असाच एक डबा घेतला होता. स्वस्त ते मस्त म्हणत. आत ४ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण. पहिले पंधरा दिवस मजेत गेले. मग विंडोज म्हणू लागलं, नवीन सुधारणा उतरवायला जागा नाही. मी फोटो काढून टाकले, गाणी काढली, तरी जागा नाहीच. दुकानदाराला विचारलं, साठवण वाढवून द्या. तो हसला. माझ्या डब्यातली साठवण पाटीलाच कायमची जोडलेली होती. तिला ईएमएमसी म्हणतात. ती बदलता येत नाही आणि एसएसडीपेक्षा बहुधा हळूही चालते.

त्यातच एका संध्याकाळी मी निकालपत्रकं भरत बसले होते. पस्तीस मुलांची झाली आणि लाइट गेली! लॅपटॉपला बॅटरी असते, डब्याला नसते. काम जपून ठेवलेलं नव्हतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून मी दर पाच मिनिटांनी 'सेव्ह' करते. तुम्हीही करा.

म्हणून उजव्या बाजूला आम्ही लिहिलं : बॅटरी नाही. बऱ्याच डब्यांत वाढवायला वाव नाही. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं : 'संपूर्ण' हा शब्द खोटा.

डब्यात पडदा नव्हता, कीबोर्ड-माउस नव्हता, आवाज ऐकायला स्पीकर नव्हता. ताईने गावातल्या दुकानांत भाव विचारून ठेवले होते. तिने बेरीज मांडली :

डबा : ९,५०० रुपये
जुना पडदा : ३,०००
कीबोर्ड-माउस : ८००
एचडीएमआय वायर : २५०
स्पीकर : ४००
छोटा यूपीएस : २,८००
एकूण : १६,७५० रुपये

आई नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!"

टीव्ही वापरला तर पडद्याचे पैसे वाचतात, हे खरं. टीव्हीला एचडीएमआयचं भोक असलं म्हणजे झालं. पण मग आजोबांच्या बातम्यांचं काय? आणि टीव्हीपुढे जवळ बसून बारीक अक्षरं वाचली तर डोळे शिणतात, ते वेगळंच.

अगदी स्वस्त वस्तूचा अनुभव आपल्या देशाने मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. २०११ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाची टॅबलेट आणली. हेतू फार चांगला होता. पण पहिल्या आवृत्तीत रॅम फक्त २५६ एमबी. ती हळू चालते, बॅटरी लवकर संपते, अशा तक्रारी आल्या. २०१२ मध्ये सुधारलेली 'आकाश २' काढावी लागली. किंमत कमी करताना नेमकं काय कमी केलं, हे विचारायलाच हवं.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

हे वहीत उतरवून घ्या.

एक. रॅम किती? विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे. पण किमान म्हणजे जेमतेम. उंबरठ्याला डोकं लागत नाही इतकंच, आत नीट उभं राहता येतं असं नाही. माझ्या अनुभवाने ८ जीबी घ्यावी.

दोन. साठवण कोणती आणि बदलता येते का? एसएसडी असेल आणि डबा उघडून ती बदलता येत असेल तर उत्तम.

तीन. विंडोज अस्सल आहे का? नसेल तर लिनक्स टाकून मिळेल का? लिनक्सला पैसे पडत नाहीत. थोडं शिकावं लागतं, पण शिकायलाच तर आपण संगणक घेतोय!

चार. दुरुस्ती कुठे होणार? गावात, तालुक्याला, की पार्सलने दूर पाठवायचं? वॉरंटी किती महिन्यांची? पावती पक्की घ्या.

पाच. कार्यालयांतून निघालेला जुना, लहान संगणक मिळतो का? तो बरेचदा नव्या स्वस्त डब्यापेक्षा दणकट निघतो. मात्र सांभाळून. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रावर लिनक्स बरं.

रास्पबेरी पाय घ्यायचा असेल, तर दिवे लावणं, मोटार फिरवणं असे प्रयोग करायला त्याच्यासारखा सवंगडी नाही. पण पेटी, चार्जर, मेमरी कार्ड हे वेगळं घ्यावं लागतं. 'पाय ४' आणि 'पाय ५' ला पडद्यासाठी लहान तोंडाची वेगळी वायर लागते. आणि चालू असताना अचानक लाइट गेली तर कार्डावरची माहिती बिघडू शकते.

मग काय ठरलं?

दोन्ही बाजू भरल्या. डावीकडे पाच ओळी, उजवीकडे तीन. पण ओळी मोजून निर्णय होत नसतो मुलांनो. एकेक ओळ केवढी जड आहे ते बघावं लागतं.

ताई थोडा वेळ गप्प होती. मग तिने उजवीकडे चौथी ओळ लिहिली : 'आईचं मशीन राहील.' आणि वही मिटली.

आई म्हणाली, "अगं, तुझं शिक्षण..."

"मशीन आलं की महिन्याला पैसे वाचतील ना? त्यातून घेऊ," ताई म्हणाली. "आणि नऊ हजारांचा नको. बाईंसारखी फजिती व्हायची!"

सगळे हसले, मीसुद्धा. पण घरी येताना मला चैन पडेना. नववीतल्या मुलीने समजूतदारपणा दाखवला म्हणून आपण तिचं कौतुक करून मोकळं व्हायचं का? दुसऱ्या दिवशी मी माझा तो जुना डबा काढला. विंडोज पुसून त्यावर एक हलकं लिनक्स टाकलं. आश्चर्य म्हणजे तो बऱ्यापैकी चालू लागला. सध्या तो त्यांच्या टीव्हीला जोडलेला आहे. बातम्या संपल्या की ताईचा तास सुरू. मध्येच लाइट जाते, मग ती वैतागते. पण तिचं मराठी टायपिंग आता माझ्यापेक्षा जलद आहे.

पिकोचं मशीन आलं आहे. त्याशेजारी एक डबा ठेवलाय, पत्र्याचा, पैसे साठवायचा. त्यावर त्या चौथीतल्या पठ्ठ्याने खडूने लिहिलंय : '८ जीबी'.

तुमच्या घरीही असा काही विचार चालला असेल, तर आज रात्री जेवणं झाल्यावर वही घ्या आणि मधोमध रेघ मारा. फायदे आईबाबांना लिहू द्या आणि तोटे तुम्ही लिहा. उलटं नाही हं! ज्याला वस्तू हवी असते, त्यानेच तोटे शोधावेत. मग निर्णय काहीही होवो, रुसायची वेळ येत नाही.

आणि हो, विजेचा फरक किती रुपये आला, ते कळवायला विसरू नका.