सामान कोठें ठेवावें ?

विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणें हें शिक्षकाचें नित्याचें काम. एका वर्षीं आमच्या वर्गांतील एका मुलाच्या वहीवर दर आठवड्यास तेलाचे डाग दिसूं लागले. दोन वेळां समज दिली; तिसऱ्या वेळीं सर्व वर्गासमक्ष आम्हीं त्यास निष्काळजी म्हटलें. मुलानें मान खालीं घातली, पण उत्तर दिलें नाहीं. पुढें कांहीं कामानिमित्त त्याच्या घरीं जाण्याचा योग आला. घर दोन खोल्यांचें व स्वच्छ होतें. परंतु पलंगाखालीं डबे, डब्यांपुढें पेट्या आणि दाराआड धान्याचीं पोतीं. मुलाचीं पुस्तकें स्वयंपाकघरांतील फळीवर तेलाच्या बरणीस टेकून उभीं होतीं. त्याची आई संकोचून म्हणाली, "सर, त्याच्यावर रागावू नकासा. वह्या ठेवायला दुसरीकडं जागाच न्हाई." जो दोष आम्हीं मुलाच्या माथीं मारला होता तो जागेचा होता, हें त्या दिवशीं कळलें. दुसऱ्या दिवशीं वर्गांतच आम्हीं त्याची क्षमा मागितली. त्या प्रसंगानें मनांत उभ्या राहिलेल्या प्रश्नाचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

पूर्वीं घरांत सामान मावत असे आणि आतां मावत नाहीं, याचें कारण घर लहान झालें एवढेंच नव्हे. घराची घडणच बदलली आहे. आपल्या कोल्हापुरांत मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ अशा जुन्या वस्तींत अद्याप कांहीं वाडे उभे आहेत. त्यांच्या दगडमातीच्या भिंती चांगल्या दोन दोन फूट रुंद. या रुंदीमुळें भिंतीच्या पोटांतच कोनाडे, देवळ्या व फडताळें काढतां येत. कौलारू छपराखालीं माळा असे. तेथें सरपण आणि लग्नकार्यापुरतीं लागणारीं मोठीं भांडीं चढविलेलीं असत. कोपऱ्यांत कणगी, तिच्याशेजारीं मडक्यांची उतरंड, तुळईस टांगलेलें शिंकें, भिंतीस खुंट्या. आणि दिवस उजाडला कीं अंथरुणांच्या वळकट्या घडवंचीवर. थोडक्यांत म्हणजे, बरेंचसें सामान भिंतींत व डोक्यावर राही आणि जमीन माणसांसाठीं मोकळी असे. अर्थात् त्या घरांत अंधार व उंदीर हेही भरपूर होते, आणि वाडा सर्वांच्याच नशिबीं नव्हता, हें विसरतां कामा नये.

आजच्या घराची भिंत विटांची, आंतील बाजूस चारसहा इंचांची. तींत कोनाडा कोरणें म्हणजे शेजारच्या खोलींत डोकावणेंच होय ! कौलें गेलीं, स्लॅब आला, आणि त्याबरोबर माळाही गेला. जागाही बेताचीच. २०१५ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेंत शहरांतील अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांस भिंतींच्या आंत ३० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारें ३२३ चौरस फुटांपर्यंत, मर्यादा धरली होती. मुंबईस १९२० नंतरच्या दशकांत कामगारांसाठीं बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली तर अवघी १६० चौरस फुटांची. तेथें अनेक कुटुंबांनीं खोलींतच पोटमाळा काढून संसार केले.

घर बदललें तरी आमच्या सवयी मात्र वाड्याच्याच राहिल्या. उन्हाळा आला कीं लक्ष्मीपुरींतून वर्षाचें धान्य यावें, वर्षभराची चटणी कुटली जावी, पापड-कुरडयांचे डबे भरावे, ही आमची रीत. ती वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तिच्या जोडीस आतां फ्रीज, कपडे धुण्याचें यंत्र, आणि "पुढें केव्हां तरी उपयोगीं पडतील" म्हणून ठेविलेलीं रिकामीं खोकीं आलीं आहेत.

विद्यार्थिमित्रहो, येथें थोडें गणित करूं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी खोली घ्या. जमीन १०० चौरस फूट. सहा फूट लांब व पांच फूट रुंद पलंगानें ३० फूट घेतले. पेट्या, डबे व बोचकीं यांनीं आणखी २० अडविले. निम्मी खोली संपली ! आतां भिंती पाहा. चार भिंती मिळून ४०० चौरस फूट. दारें-खिडक्या वगळल्या तरी तीनशेंहून अधिक फूट भिंत रिकामी उभी आहे. जमिनीपासून सात फूट उंचीवर दोन भिंतींस एक फूट रुंदीची फळी मारली, तर दहा व दहा मिळून २० चौरस फूट जागा मिळते. म्हणजे जेवढी जमीन सामानानें खाल्ली होती तेवढीच. मात्र फळी मजबूत लोखंडी अँगलवर बसवावी, हलकें सामान वर ठेवावें व जड खालीं. धान्याचें पोतें माणसांच्या डोक्यावर कधींही ठेवूं नये.

अशा काटकसरीचा एक नमुना परदेशांतही पाहण्यासारखा आहे. १९२६ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुशिल्पकार बाईंनीं लहान घरांसाठीं एक स्वयंपाकघर आंखलें. तें सुमारें सहा फूट रुंद व अकरा फूट लांब होतें. आगगाडींतील भोजनाच्या डब्याचें इवलेंसें स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांपुढें होतें. साखर, तांदूळ इत्यादि जिन्नसांस नांवें घातलेले ॲल्युमिनियमचे खण केले. पिठासाठीं मात्र ओक वृक्षाचें लांकूड वापरलें, कारण त्यामुळें पिठांत अळ्या होत नाहींत असा अनुभव होता. अशीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें त्या शहरांत बसविलीं गेलीं. सामानाची जागा घर बांधण्यापूर्वींच ठरविली पाहिजे, हा त्यांतील धडा. आपल्याकडे घर घेतांना आपण दिशा पाहतों, फरशी पाहतों. परंतु पोतें कोठें राहील, अंथरूण कोठें राहील आणि मुलाचें दप्तर कोठें राहील, हें कितीजण विचारतात?

कोल्हापुरास तर या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत पंचगंगेचें पाणी सखल भागांतील घरांत शिरलें. पलंगाखालची जागा सोयीची खरी, परंतु पाणी प्रथम तेथेंच येतें. नदीकांठच्या वस्तींत गुणपत्रिका, जन्माचे दाखले, घराचीं कागदपत्रें हीं उंचावर, एकाच पिशवींत व चटकन् हातीं लागतील अशीं ठेवावीं.

शेवटीं फळ्या कितीही मारल्या तरी, काय ठेवावें याचा विवेक हवाच. पवित्र शास्त्रांत सांठा करणारे दोघेजण आहेत. योसेफानें मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत धान्य सांठविलें, तें दुष्काळांत लोकांच्या मुखीं पडलें. दृष्टांतांतील धनवानानें मोठीं कोठारें बांधण्याचा बेत केला, तो केवळ स्वतःकरितां. आणि त्याच रात्रीं त्यास सर्व सोडून जावें लागलें. घरांतील प्रत्येक वस्तूस आपण विचारावें, तूं कोणाच्या उपयोगाची ? मात्र आजीची जुनी पेटी तिला न विचारतां भंगारांत घालूं नये. तिच्या उपयोगाचें काय आहे हें ठरविण्याचा अधिकार तिचाच.

पालकांस आमची एकच विनंति आहे. पुढील सुट्टींत घर आवरतांना, सामानाची सोय लावण्यापूर्वीं दोन हात लांबीची एक फळी मुलाच्या पुस्तकांसाठीं राखून ठेवा. तिच्यावर दुसरें कांहीं चढूं देऊं नका. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं खिडकीच्या वर अशी एक फळी मारली. त्यानंतर त्याच्या वहीवर तेलाचा डाग आम्हांस दिसला नाहीं.